प्रिंटलाइन कापू नका: गोव्यातल्या घरांत सापडणारी जुनी आरोग्य-पोस्टरं ओळखायची कशी आणि टिकवायची कशी

चवथीआधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं. गंजलेली पत्र्याची पेटी, तुटलेली समई, आणि सुतळीने बांधलेली एखादी कागदांची गुंडाळी. उलगडून बघावं तर आत देवी निर्मूलनाचं पोस्टर, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, कुष्ठरोगाचे चट्टे दाखवणारा तक्ता, नाहीतर घरातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एकेकाळी लटकलेलं औषध कंपनीचं कॅलेंडर. पणजीचं मेडिकल स्कूल १८४२ सालचं, त्यामुळे डॉक्टरकीचा वारसा असलेली घरं गोव्यात भरपूर आणि असे कागदही भरपूर. अडचण एकच. चवथ येते ती हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असताना, आणि कागद उघडायला याहून वाईट मुहूर्त नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. गुंडाळी उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका आणि कडा फाटक्या दिसतात म्हणून कात्रीला तर हातच लावू नका. पोस्टरची खालची कड सगळ्यात आधी फाटते, आणि नेमकी तिथेच बारीक अक्षरांत मुद्रकाचं नाव, गाव, प्रतींची संख्या, कधी वर्षही असतं. छापखानेवाले त्या ओळीला प्रिंटलाइन म्हणतात. ती गेली की उरतं ते नुसतं चित्र.

गुंडाळीत काय असू शकतं

गोव्यात मिळणारी आरोग्यविषयक चित्रं ढोबळमानाने चार थरांत येतात.

सगळ्यात जुना थर युरोपात छापलेल्या ग्रंथांतून सुटलेल्या पानांचा. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, पण त्या मूळ आवृत्तीत वनस्पतींची चित्रं नव्हती. ‘ओर्ताच्या १५६३च्या पुस्तकातलं झाडाचं चित्र’ म्हणून कोणी काही दाखवलं तर तिथेच थांबा. चित्रं आली ती नंतर, क्लूसियसने १५६७ साली अँटवर्पहून काढलेल्या लॅटिन संक्षेपात आणि क्रिस्तोव्हाव द कोश्ताच्या १५७८च्या बुर्गोस आवृत्तीत. तीही लाकडी ठशांची. लिन्शोटेनच्या १५९६च्या ग्रंथातले गोव्याच्या बाजाराचे आणि माणसांचे देखावे तांब्याच्या पत्र्यावर खोदून छापलेले आहेत. ‘हॉर्टस मलबारिकस’चे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. त्याचं सुटं पान ओळखणं सोपं आहे, कारण झाडाचं नाव रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेलं असतं. या कामात रंगा भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य होते. पहिल्या खंडात त्यांचं कोकणीतलं, नागरी लिपीतलं निवेदनही छापलेलं आहे.

याच थरात मोडणारी एक फसगत सांगून ठेवतो. कांदोळीला जन्मलेले आबे फारिया संमोहनविद्येच्या इतिहासातलं मोठं नाव. पणजीत त्यांचा पुतळा आहे. पण दाढीवाला म्हातारा कैदी कोठडीत बसलाय असं एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच छापचित्र ‘फारिया’ या नावाखाली दिसलं, तर ते अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतल्या पात्राचं चित्र आहे. खऱ्या फारियांशी त्याचा संबंध नावापुरताच.

दुसरा थर पोर्तुगीज अमदानीतल्या जाहीर सूचनांचा: लस टोचणी, प्लेग, हिवताप. यांत चित्र कमी आणि मजकूर जास्त असतो. तिसरा थर मुंबईकडून आलेल्या रंगीत चित्रांचा. रविवर्मा प्रेस १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या धर्तीच्या ओलिओग्राफांवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या वार्निश लावलेल्या रंगीत छापांवर, बाळकृष्ण, धन्वंतरी आणि खाली ग्राइप वॉटरची नाहीतर साबणाची जाहिरात. ‘करणी-भरणी’ची चित्रंही इथलीच: मध्ये यमाचा दरबार, भोवती चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांच्या शिक्षांचे चौकोन. माणसाने वागावं कसं हे सांगणारं आरोग्य-शिक्षणाआधीचं पोस्टरच म्हणा. आणि चौथा थर, जो सगळ्यात जास्त सापडतो, तो १९ डिसेंबर १९६१च्या गोवा मुक्तीनंतर आलेल्या भारत सरकारच्या आणि गोवा सरकारच्या पोस्टरांचा. शाळेतले ‘चांगल्या सवयी’ छापाचे तक्तेही त्यातच धरा.

लोक पहिल्या थरामागे धावतात. खरं तर दुर्मीळ होत चाललाय तो चौथा थर, कारण सरकारी पोस्टर भिंतीवर चिकटवायलाच छापलेलं असतं. काम संपलं की ते फाडायचं, असाच त्याचा जन्म.

भिंगाखाली

सोनाराकडे असतं तसं १० पटीचं भिंग आणा. त्याशिवाय छपाईबद्दल कोणी काही सांगत असेल तर तो अंदाज समजा.

लाकडी ठशाच्या रेषेच्या कडेला शाई दाबली जाऊन किंचित गडद कडा दिसते, आणि कागदाच्या पाठीवर ठशाचा उठाव बोटाला लागतो. तांब्याच्या खोदछपाईत उलटं घडतं. शाई खाचेतून कागदावर येते म्हणून रेष किंचित उंच लागते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उमटलेला असतो. शिळाछापात दाब कुठेच नसतो, रेष खडूने काढल्यासारखी दाणेदार दिसते. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे ठिपके वेडेवाकडे आणि लहानमोठे असतात, आणि रंग एकमेकांवरून थोडे सरकलेले असतात. देवाच्या ओठाबाहेर आलेला लाल रंग पाहिला की रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी, हललं होतं हे कळतं.

ऑफसेटचं वागणं वेगळं. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत बसतात आणि भिंगाखाली बारीक फुलांची जाळी दिसते. ‘१५९६चं चित्र’ म्हणून विकायला आलेल्या कागदावर ही जाळी दिसली की व्यवहार तिथेच संपवायचा. पत्र्याचा दाब खोटा उठवता येतो, जाळी लपवता येत नाही. सिल्क स्क्रीनची शाई जाड थरात बसते आणि अक्षराच्या तिरक्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. १९६० आणि ७०च्या दशकांतली कमी प्रतींची पोस्टरं बऱ्याचदा अशी असतात. खिळे जुळवून छापलेला मजकूर पाठीमागून हलका उठलेला लागतो.

मग कागद उजेडासमोर धरा. हातकागदात समांतर रेषांची जाळी आणि कधी जलचिन्ह दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडी लगद्याचा कागद आला. तो पिवळट पडतो आणि कोपरा दुमडला की तुटतो. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मिळाली तर अंधारात मारून बघा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रक, म्हणजे कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन, आहे, आणि शुभ्रकं कागदात सर्रास आली ती १९५०च्या सुमारास. चमकणारा ‘१९२०चा’ ओलिओग्राफ म्हणजे नंतरची नक्कल. मात्र मागे नवा पुठ्ठा चिकटवलेला असेल तर चमक त्याची असते, म्हणून पुढून आणि मागून वेगवेगळं तपासा.

साल काढायचं कसं

पोस्टरवर वर्ष छापलेलं नसेल तरी गोव्याच्या कागदावर कालखुणा इतक्या असतात की पाच-दहा वर्षांच्या आत पोचता येतं. एका खुणेवर विसंबू नका, तीन जुळल्या पाहिजेत.

पोर्तुगीज कागदावर आधी राजचिन्ह बघा. ढालीवर मुकुट असेल तर राजेशाही, म्हणजे ऑक्टोबर १९१०च्या आधीचा. ढालीमागे कड्याकड्यांचा खगोल असेल तर प्रजासत्ताक. मग शुद्धलेखन. १९११ साली पोर्तुगीज लेखन सुधारलं गेलं. त्याआधी ‘फार्मासिया’ची सुरुवात ‘पी’ आणि ‘एच’ या जोडीने होत असे, ‘इजिएन’मध्ये (म्हणजे स्वच्छता, आरोग्य) ‘वाय’ असे. सुधारणेनंतर तिथे ‘एफ’ आणि ‘आय’ आले. औषधांच्या दुकानांनी जुनी पाटी पुढेही चालवली, म्हणून ही खूण सरकारी कागदावरच पक्की धरायची. किंमत किंवा दंड तांग-रुपियांत आहे की इश्कुदांत, तेही बघा. इश्कुद आले १९५८-५९ मध्ये. म्हणजे इश्कुदात दंड सांगणारी आरोग्य-सूचना जेमतेम तीन वर्षांच्या खिडकीत बसते.

मुक्तीनंतरच्या कागदावर ‘गोवा, दमण आणि दीव सरकार’ असं असेल तर तो ३० मे १९८७च्या आधीचा, कारण त्या दिवशी गोवा राज्य झालं. नुसतं ‘गोवा सरकार’ त्यानंतर. भाषाही बोलते. राजभाषा कायदा १९८७चा, त्यामुळे देवनागरी कोकणीतलं सरकारी पोस्टर बहुधा त्यानंतरचं निघतं. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं नाही. ‘नवे पैसे’ लिहिलेले असतील तर १९६४ किंवा त्याआधीचं. ‘कुटुंब नियोजन’ हे खात्याचं नाव १९७७ साली बदलून ‘कुटुंब कल्याण’ झालं. उलटा लाल त्रिकोण साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला, आणि ‘निरोध’ १९६८पासूनचा. तेव्हा १५ पैशांना तीन मिळत, आणि ती किंमत पोस्टरवर छापलेली असे. ₹ ही खूण जुलै २०१०ची.

मराठी मजकुरासाठी आपल्याकडे एक खास हत्यार आहे ते म्हणजे अनुस्वार. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘गांवांत’ अशी डोक्यावर ठिपके घेतलेली अक्षरं असतील तर मजकूर १९६२च्या लेखननियमांच्या आधीच्या वळणाचा. जुन्या पिढीचे जुळारी पुढेही काही वर्षं ठिपके देत राहिले, म्हणून चार-पाच वर्षांची सूट ठेवा. ‘अि’, ‘अु’ अशी बाराखडी दिसली तर आणखी मागे जा.

आता रोगांकडे. भारतात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. शेवटच्या टप्प्यात ‘रुग्ण कळवा, बक्षीस मिळवा’ अशी पोस्टरं आली आणि बक्षिसाची रक्कम वाढत गेली. १००० रुपयांचं पोस्टर अखेरच्या काळातलं. भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मधला आणि जगातून देवी गेल्याची घोषणा मे १९८०ची, तेव्हा त्यानंतर बक्षिसाचं पोस्टर छापायला कारणच उरलं नाही. हिवताप नियंत्रणाचा भारतातला कार्यक्रम १९५३चा, पण गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातलं भारत सरकारचं हिवताप-पोस्टर गोव्यातल्या घरात सापडलं तर ते बाहेरून आलेलं धरा, आणि कोणाबरोबर आलं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. दारूबंदीच्या मराठी पोस्टरांचंही तेच. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा, तो लागू होता हद्दीपलीकडच्या मुंबई राज्यात. कुष्ठरोगाच्या पोस्टरवर अनेक औषधांचा एकत्र उपचार सांगितला असेल तर ते ऐंशीच्या दशकातलं किंवा नंतरचं. एड्सची लाल फीत १९९१च्या आधी नाही. पल्स पोलिओ १९९५पासून. थुंकण्याच्या आणि धूम्रपानाच्या बंदीचं गोव्याचं पोस्टर असेल तर गोव्याचा तो कायदा १९९७चा आहे.

केंद्राच्या जुन्या पोस्टरावर ‘डीएव्हीपी’ हे केंद्राच्या जाहिरात खात्याचं नाव आणि त्यापुढे ‘७४/२१३’ असा तिरक्या रेषेचा आकडा असतो. आधीचे दोन अंक बहुधा वर्षाचे. हाच आकडा कडेला, बोटभर उंचीच्या पट्टीत असतो. फ्रेमवाला कड ‘सरळ’ करून देतो तेव्हा पहिला बळी याचा जातो. पोस्टर मोजून बघा. डबल क्राउन म्हणजे २० × ३० इंच. तुमचं २० × २९ भरत असेल तर तळाचा इंचभर कोणीतरी आधीच नेलाय.

उलगडणं

पावसाळ्यात कागद लवचीक असतो, म्हणून गुंडाळी सहज उघडते, आणि तिथेच घात होतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. तो ओल धरून चिकट होतो आणि दोन पोस्टरं एकमेकांना धरतात. ओढलं की चित्राचं कातडं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. गठ्ठा खरोखर भिजलेला असेल तर तो तसाच वाळू देऊ नका. वाळला की लेप सिमेंटसारखा बसतो आणि मग काही करता येत नाही. ओला असतानाच पानं वेगळी करा. तेवढा वेळ नसेल तर पॉलिथिनमध्ये बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि जाणकाराला गाठा.

नुसता दमट असेल तर खोली बंद करून एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर लावा आणि गुंडाळी दोन दिवस तशीच ठेवा. मग मोठ्या टेबलावर स्वच्छ पांढरी चादर घाला. एका टोकावर वजन ठेवून दहा-पंधरा सेंटिमीटर उघडा, थांबा, पुढचं वजन ठेवा. वजनं म्हणजे कापडी पिशव्यांत भरलेली धुतलेली, वाळवलेली रेती. तांदूळ भरू नका, त्यात पोरकिडे येतात आणि मग ते कागदाच्या घरी राहायला जातात.

जानेवारीत उघडत असाल तर उलटी अडचण येते. कागद कोरडा, ताठ, आणि दुमडीवर कडकन मोडणारा. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, तळाला पिळलेला ओला टॉवेल ठेवा, त्यावर जाळीची टोपली उलटी ठेवा आणि तिच्यावर गुंडाळी. पाणी कागदाला लागता कामा नये. दर तासाला उघडून बघा. चार ते सहा तासांत कागद नरम होतो. रात्रभर विसरलात तर सकाळी बुरशीची सुरुवात झालेली असेल. नरम झालं की दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर काच किंवा गुळगुळीत फळी आणि वजन. पहिल्या दिवशी टीपकागद तीनदा बदला, मग रोज एकदा, चार दिवस.

ओलावा देण्याआधी एक चाचणी चुकवू नका. कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर टाचणीच्या टोकाएवढा डिस्टिल्ड पाण्याचा थेंब ठेवा आणि दहा सेकंदांनी टीपकागदाने टिपा. रंग आला तर टब विसरा. छपाईच्या शाईपेक्षा लवकर फुटतो तो रबरी शिक्का. आरोग्य केंद्राचा जांभळा शिक्का, त्यावरची आवक तारीख आणि कारकुनाची सही एवढ्या तीन गोष्टींनी ते पोस्टर कुठल्या गावच्या भिंतीवर होतं हे ठरतं. पाण्याचा हात लागला की त्यांचा तिथे जांभळा ढग होतो.

धूळ, बुरशी, कसर

धूळ ही कोरडीच काढायची. बकरीच्या केसांचा रुंद मऊ ब्रश मधून बाहेरच्या दिशेने फिरवा. फाट असेल तिथे फाटीच्या दिशेने, कधीच तिच्या विरुद्ध नाही. त्यानंतर गंधकयुक्त रबराचा कोरडा स्पंज, जो संग्रहालयवाले काजळी काढायला वापरतात, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून एकाच दिशेने ओढा. तुकडा काळा झाला की फेकून नवा घ्या. त्यानंतरही मळ राहिला तर पांढरा प्लास्टिक खोडरबर किसून त्याचा भुगा बोटाच्या पेराने हलक्या गोलाकार फिरवा आणि ब्रशने झाडा. पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आणि शिक्के वगळून. ओलिओग्राफवर खोडरबर चालत नाही, त्याच्या वार्निशाला आधीच भेगा असतात आणि खपल्या निघतात. तिथे ब्रशवर थांबायचं.

टाचणीची भोकं आणि गंजाचे डाग राहू द्या. सेलोटेप ओढून काढू नका. जुना झाल्यावर पट्टी सुटते, पण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी चौकोन होतो, आणि तो घरी निघत नाही.

बुरशी जिवंत आहे की झोपलेली, हे आधी ठरवा. ब्रश लावल्यावर पसरते, डाग पडतो, ओलसर वाटते ती जिवंत. तिला हात लावायच्या आधी कागद वाळवा. कोरडी होऊन पावडरीसारखी झाली की उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून हलकेच झाडा. ब्लीच, डेटॉल, व्हिनेगर यांतलं काही नको. डाग जाणार नाही, कागद मात्र जाईल. बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत वाढते, म्हणजे औषध बाटलीत नसून हवेत आहे.

कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडून खाते, कारण तिला लेपातला स्टार्च आणि डिंक हवा असतो. आरपार गोल भोकं दिसली तर भुंगेऱ्याची अळी. दोन्हींसाठी घरचा फ्रीझर पुरतो. पोस्टर टीपकागदात, मग पॉलिथिनमध्ये हवा काढून टेपने पूर्ण बंद, आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्यांचा वास आपल्याला बाधतो आणि बुरशीचं त्या काही बिघडवत नाहीत. कडुनिंबाच्या पाल्याचं कौतुक खूप, पण तोच पाला ओल धरून डाग पाडतो.

फाट जोडायची खळ

फेव्हिकॉल, डिंक, ग्लू स्टिक, लॅमिनेशन यांना दारातच थांबवा. यांतलं काहीही नंतर सुरक्षितपणे उलटवता येत नाही. लॅमिनेशन केलेलं पोस्टर पन्नास वर्षांनी सोडवायला कोणी असेल असं वाटत नाही. चालते ती गव्हाच्या स्टार्चची खळ. मैद्याची नव्हे, कारण मैद्यातलं ग्लूटेन पिवळं पडतं आणि कसरीला बोलावतं. बाइंडर खळीत मोरचूद घालतात म्हणून ती टिकते, पण तांब्याच्या क्षाराने कागद आतून कुजतो. तुम्ही घालू नका.

स्टार्च विकत मिळाला नाही तर २५० ग्रॅम मैद्याची घट्ट कणीक मळून अर्धा तास ठेवा, मग पातेलंभर पाण्यात कुस्करून धुवा. हातात रबरासारखं उरतं ते ग्लूटेन, खाली बसतो तो स्टार्च. कुरडईचा चीक आठवेल, पण तो आंबवलेला असतो, म्हणून इथे चालत नाही. वरचं पाणी दोनदा बदलून रात्रभर बसू द्या आणि पसरट ताटात पंख्याखाली वाळवा.

एक चमचा कोरडा स्टार्च पाच चमचे डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, हात न थांबवता, पंचवीस-तीस मिनिटं शिजवा. आधी दूध दिसतं, मग दही, मग अर्धपारदर्शक लापशी होते. ती पूर्ण थंड करून बारीक चाळणीतून तीनदा दाबून गाळा. लावताना ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या.

जोड लावायला जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ कागद हवा, ९ ते १२ जीएसएम. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि पुढून जोडाची रेघ दिसत नाही. पट्टी आठ-दहा मिलिमीटर रुंद पुरे. खळ पट्टीला लावायची, पोस्टरला नाही, आणि पट्टी पाठीमागूनच बसवायची. वर न चिकटणारं पॉलिएस्टर कापड, टीपकागद, काच, वजन. टीपकागद पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने बदला आणि रात्रभर सोडा. कागद सुरकुतला तर खळ जास्त ओली होती. पट्टी सुटली तर ती नीट शिजली नव्हती. टिश्यू मिळत नसेल तर जोडू नका. फाटलेलं पोस्टर स्वच्छ फोल्डरमध्ये पडून राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही.

ठेवणं

चिऱ्याच्या भिंती पावसाळाभर ओल पितात आणि दसरा उलटला तरी सोडत राहतात. म्हणून पोस्टर बाहेरच्या भिंतीवर, जमिनीवर किंवा कौलांखालच्या माळ्यावर ठेवायचं नाही. आतल्या खोलीत, जमिनीपासून निदान वीतभर वर.

सपाट ठेवता येत असेल तर आम्लविरहित कागदाच्या फोल्डरांत, पत्र्याच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पेटीत. पीव्हीसी नको. सपाट जागा नसेल तर किमान दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला करून गुंडाळा. पेटी बंद करायची ती जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी, हवा सगळ्यात कोरडी असताना. जुलैत बंद केलेली पेटी म्हणजे जुलैची हवा वर्षभर सांभाळणं.

सिलिका जेल लिटरमागे २० ग्रॅम धरा. २० लिटरच्या पेटीला ४०० ग्रॅम, चार कापडी पुरचुंड्यांत, कागदाला न टेकवता. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, नारिंगी घेतलेलं बरं. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, मापकासह झिप पिशवीत दहा-बारा तास ठेवा. काटा ७५वर आला पाहिजे. ८०वर आला तर तुमच्या प्रत्येक नोंदीतून ५ वजा करा. लक्ष्य ४५ ते ५५ टक्के, आणि ६० ही लक्ष्मणरेषा.

फ्रेम करायचीच असेल तर फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधी सांगा: हार्डबोर्ड मागे लावायचा नाही, कागद काचेला टेकता कामा नये आणि कड कापायची नाही. पोस्टर वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन बिजागऱ्यांवर टांगायचं, चारही बाजूंनी चिकटवायचं नाही, कारण कागद ऋतूप्रमाणे फुगतो आणि आकसतो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना १०-१५ मिलिमीटरच्या गुट्ट्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. उजेड ५० लक्सच्या आसपास, ऊन कधीच नाही. लाल आणि पिवळा आधी उडतात. लाल त्रिकोणाचं पोस्टर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, लावलं तर काही वर्षांत त्रिकोण राहील, लाल राहणार नाही.

नोंद आणि कायदा

पेटीत जाण्याआधी फोटो काढा. दोन दिवे ४५ अंशांवर, कडेला मोजपट्टी, पुढची बाजू, मागची बाजू आणि प्रिंटलाइनचा वेगळा जवळून फोटो. एक फोटो एकाच बाजूच्या तिरक्या दिव्यात, त्यात दाब आणि सुरकुत्या दिसतात. नोंदीत माप सेंटिमीटरमध्ये, छपाईची पद्धत, भाषा आणि लिपी, सगळे शिक्के जसेच्या तसे, आणि ते कुठल्या घरातून, कुठल्या पेटीतून आलं हे लिहा. नंबर पेन्सिलीनेच, पाठीमागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात.

सरकारी प्रकाशनावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६४चं पोस्टर १ जानेवारी २०२५पासून मोकळं झालं, १९७५चं अजून नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनं छापचित्र १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं आणि मग ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं गुन्हा ठरतो. परदेशी पाहुण्याला भेट देताना हे लक्षात ठेवा. देवी आणि कुष्ठरोगाच्या पोस्टरांवर खऱ्या रुग्णांचे चेहरे असतात. बऱ्याचदा त्यांना कोणी विचारलेलं नसतं, म्हणून ते फोटो इकडेतिकडे पाठवताना हात जरा आखडता घ्या.

वार्निश सुटलेला ओलिओग्राफ, पुठ्ठ्याला चिकटवलेलं पोस्टर, वाळून गठ्ठा झालेला आर्ट पेपर आणि सेलोटेपचे डाग ही चार कामं घरी करायची नाहीत. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र अशा ठिकाणी आधी फोटो पाठवून विचारा. आणि ठेवायला घरात जागाच नसेल तर पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. देताना नोंदवहीची प्रत सोबत द्या, आणि गुंडाळी ज्या सुतळीने बांधलेली होती तिला अडकवलेली चिठ्ठीही. कुठल्या वर्षी कोणी बांधून ठेवलं, हे बऱ्याचदा तिच्यावरच लिहिलेलं असतं.